फिंगर बोल आला तेव्हा बाबांची भाकरी अर्धीच झाली होती

प्रश्न : काका, मी सांगलीत विश्रामबागला राहते. गेल्या महिन्यात माझ्या वडिलांची पंच्याहत्तरी झाली. ते एसटीत वाहतूक नियंत्रक होते. रविवारी रात्री आम्ही अकरा जण एका चांगल्या, गर्दीच्या हॉटेलात गेलो. आठ वाजता बसलो आणि सगळी ऑर्डर एकदमच देऊन टाकली. मुलांचे नूडल्स दहा मिनिटांत आले. पनीर टिक्का आणि कबाब यायला पाऊण तास लागला. टिक्क्याचा पहिला तुकडा तोंडात घालतोय तोवर भाज्या आणि बिर्याणी टेबलावर हजर. रोट्या त्यानंतर वीस मिनिटांनी. बाबांनी मागवलेली ज्वारीची भाकरी आणि पिठलं सगळ्यांत शेवटी, सव्वानऊला. बाबांना शुगर आहे. जेवणाआधीचं इन्सुलिन ते घरूनच घेऊन निघाले होते. त्यांना घाम फुटला, हात थरथरायला लागले, तेव्हा आईने पर्समधल्या गोड गोळ्या चघळायला दिल्या. पुढे ते सावकाश जेवत असताना वेटरने सगळ्यांसमोर हात धुवायचे फिंगर बोल मांडले आणि पाठोपाठ बिल ठेवलं. माझा भाऊ त्याच्यावर इतका ओरडला की आजूबाजूची टेबलं वळून बघायला लागली. बाबा अर्धी भाकरी टाकून उठले आणि घरी येऊन ताकभात जेवले. पुढच्या महिन्यात आई-बाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं होतायत, आम्ही चौदा जण असू. भाऊ म्हणतो बुफे करू, नवरा म्हणतो थाळी बरी, आई म्हणते घरीच करू. त्या दिवशी चूक कोणाची होती, आणि पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करायचं?
— एक लेक, सांगली

ताई, आधी इन्सुलिनचं बोलतो. बाकीचं सगळं थांबू शकतं.

जेवणाआधीचं इन्सुलिन घेऊन घरातून निघायचं नाही. घरी ते जमतं, कारण घरी ताट किती वाजता पडणार हे आईंच्या हातात असतं. हॉटेलात ते कोणाच्याच हातात नसतं, मालकाच्यासुद्धा नाही. साध्या जुन्या प्रकारचं इन्सुलिन जेवणाआधी सुमारे अर्धा तास घेतात, नवीन जलद प्रकारचं जेवणाच्या अगदी तोंडावर. बाबांचं कुठलं आहे आणि बाहेर जेवायला जाताना ते केव्हा टोचायचं, हा एवढाच प्रश्न घेऊन डॉक्टरांकडे जाऊन या. बहुतेक जण सुई-पेन सोबत नेतात आणि जेवण दिसायला लागलं की घेतात. घाम आणि थरथर ही शुगर उतरल्याची खूण. आईंनी गोळ्या दिल्या ते फार बरं केलं. पुढच्या वेळी पर्समध्ये ग्लुकोजची पूड ठेवा, किंवा सरळ तीन चमचे साखर पाण्यात ढवळून द्या आणि पंधरा मिनिटांनी शुगर पुन्हा तपासा. मी साताऱ्याचा, तरी सांगतो, अशा वेळी कंदी पेढा देऊ नका. खव्यात स्निग्धांश असतो, त्यामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. पेढा नंतर, शुगर जागेवर आल्यावर, आणि तोही डॉक्टर रागावणार नाहीत एवढाच.

आता हॉटेलाचं. मी बत्तीस वर्षं या लाइनीत काढली. साताऱ्याच्या बाहेर हायवेवर फडका मारण्यापासून सुरुवात केली, मग वेटर, मग वेटरांवर देखरेख करणारा कॅप्टन, शेवटची काही वर्षं गल्ल्यामागे मॅनेजर. तेव्हा तुमचं पत्र वाचताना त्या रात्रीचा भटारखाना मला डोळ्यांसमोर दिसत होता. कोणता पदार्थ का आधी आला आणि कोणता का रखडला, हे मी न बघता सांगू शकतो.

तुमची ऑर्डर घेतली की केओटी, म्हणजे भटारखान्यासाठीची ऑर्डरची चिठ्ठी, निघते. आमच्या वेळी कार्बन लावून हाताने लिहायचो, आता टॅबवर बोट टेकवलं की आत तीन ठिकाणी तीन चिठ्ठ्या पडतात. एक तंदूरवर, एक चायनीजला, एक ग्रेव्हीच्या वस्तादाकडे. या तिघांपैकी कोणालाही दुसऱ्याच्या चिठ्ठीवर काय आहे हे माहीत नसतं. ज्याला त्याला आपलं काम उरकून खिडकीवर ठेवायचं असतं. नूडल्स दुपारीच उकडून, तेल लावून ठेवलेले असतात. मोठ्या आचेवर तीन-चार मिनिटांत प्लेट तयार, म्हणून मुलांचं सगळ्यांत आधी आलं. भाज्यांच्या लाल, पांढऱ्या, पिवळ्या ग्रेव्ह्या सकाळपासून पातेल्यांत भरलेल्या असतात, त्यांत पनीर किंवा मटार टाकून उकळी आणायची एवढंच उरतं. बिर्याणी तर हंडीत शिजलेलीच असते, फक्त प्लेट भरायची.

आणि तंदूर? तिथेच सगळी मेख आहे. तुमचा टिक्का, तुमचे कबाब आणि तुमच्या रोट्या ही तिन्ही कामं एकाच भट्टीची आणि बहुतेक ठिकाणी एकाच माणसाची. रविवारी रात्री साडेआठला त्या एका भट्टीवर सगळ्या हॉलच्या रोट्या असतात, शिवाय मोबाइलवरून आलेली पार्सलं वेगळी. टिक्क्याच्या सळया उतरवल्याशिवाय त्याला रोट्या नीट लावता येत नाहीत, रोट्या थांबवल्या तर बाकीची टेबलं बोंब मारतात. म्हणून तुमचा टिक्का पाऊण तासाने आला. रोट्या त्याच्याही मागे राहिल्या आणि भाज्या मात्र मधल्या मध्ये येऊन थंड होत बसल्या.

बाबांच्या भाकरीची गोष्ट आणखी वेगळी. भाकरी या तिन्ही चिठ्ठ्यांत कुठेच बसत नाही. ती करणाऱ्या मावशी मागच्या बाजूला असतात, एक तवा, फार तर दोन. रोट्या एका वेळी आठ-दहा लावता येतात, भाकरी एकेकच होते. पीठ मळायचं, थापायची, पाणी फिरवायचं, उलटायची, फुगवायची. त्यात वेटरची एक खोड असते, टेबलावर एकट्याच माणसाने मागितलेली वस्तू तो शेवटी लिहितो आणि मावशींना तोंडी सांगतो. तोंडी सांगितलेलं रविवारच्या गर्दीत हवेत जातं. ज्या माणसासाठी सगळे जमले होते त्याचंच ताट शेवटी आलं, ते यामुळे. कोणी मुद्दाम केलं नसेल, पण कॅप्टनने बघायला हवं होतं. ती त्याची चूक, आणि ती मी लहान समजत नाही.

तुमच्याकडूनही एक गोष्ट झाली. सगळी ऑर्डर एकदम दिलीत. भटारखान्याला तुम्ही काय खाणार ते कळलं, केव्हा खाणार ते कळलं नाही. तुमच्या मनात होतं की आधी टिक्का खाऊ, गप्पा मारू, मग जेवू. हे मनातलं केओटीवर छापून येत नाही. मोठ्या शहरांतल्या मोठ्या हॉटेलांत खिडकीपाशी एक अनुभवी माणूस खास याच कामाला उभा असतो. कोणत्या टेबलाचं काय सोडायचं आणि काय रोखायचं हे तो ओरडून सांगतो. आपल्याकडे ते काम कॅप्टनचं. त्याच्याकडे सहा टेबलं असली तर तो ते करतो. पंधरा असली तर जे शिजलं ते पुढे जातं.

तुम्ही अकरा जणांनी किती वेगवेगळ्या भाज्या मागवल्या हे लिहिलेलं नाही, पण माझा अंदाज सहा-सात. प्रत्येकाची आवड वेगळी, म्हणून प्रत्येकाची भाजी वेगळी. वस्तादाच्या बाजूने बघा. एकाच भाजीच्या तीन प्लेट एकाच कढईत, एकाच वेळात होतात. सात वेगळ्या भाज्यांना सात कढया लागतात आणि शेगड्या असतात चार. ही गोष्ट मला कोणी शिकवली नव्हती. वेटर असताना एका वस्तादाने माझी केओटी परत माझ्या हातात देऊन शिकवली. त्याचे शब्द इथे छापण्यासारखे नाहीत.

थोडं मागचं सांगतो. सूप, मग स्टार्टर, मग मेन कोर्स, मग गोड, हा क्रम आपल्या मेनूकार्डावर असा छापलेला असतो की वाटावं जगात जेवण असंच जेवतात. युरोपातसुद्धा तो तसा जुना नाही. फ्रान्समध्ये पूर्वी बड्या घरांत कितीतरी पदार्थ एकदमच टेबलावर मांडायचे आणि ज्याने त्याने हात पोचेल ते घ्यायचं. एकामागून एक पदार्थ आणून वाढायची पद्धत तिथे एकोणिसाव्या शतकात रुजली, आणि तिला नाव पडलं ‘रशियन पद्धत’. १८१०च्या सुमाराला पॅरिसमध्ये असलेल्या कुराकिन नावाच्या रशियन राजदूताला तिचं श्रेय देतात. नंतर एस्कॉफिए या फ्रेंच वस्तादाने भटारखान्याचे विभाग पाडले, एकाकडे भाजणं, एकाकडे सॉस, एकाकडे गोड. तुमच्या केओटीच्या ज्या तीन चिठ्ठ्या झाल्या त्याचं मूळ तिथवर जातं.

आपली गडबड अशी झाली की क्रम तिकडचा घेतला आणि जेवण आपलंच राहिलं. सूप एकटं पिता येतं, स्टीक एकटी खाता येते. पण रोटीशिवाय भाजीला काय अर्थ? भाजी, रोटी, कांदा, पापड, ताक हे एकाच घासाचे भाग आहेत. त्यातला एक वीस मिनिटं मागे राहिला की जेवण थांबतं. माणसं कांदा खात बसतात, पापड मोडत बसतात आणि एकमेकांची तोंडं बघत बसतात. म्हणून थाळीवाल्या हॉटेलात अशा तक्रारी फारशा येत नाहीत. तिथे सगळं एकदम समोर येतं, आणि आपल्या जेवणाला तेच हवं असतं.

आपल्या पंगतीलाही क्रम होताच, चांगला पक्का. आधी मीठ, मग डावीकडे लिंबू-चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी, मध्ये भाताची मूद, वरण, तूप. सगळ्यांच्या पानांत पडेपर्यंत कोणी घास उचलायचा नाही. श्लोक झाला की एकदम सुरुवात. आजही सज्जनगडावर दुपारच्या महाप्रसादाला बसलात तर ही शिस्त बघायला मिळते. गोड शेवटी नाही, जेवणाच्या मध्येच, आणि शेवट ताकभाताने. तुमच्या बाबांनी घरी येऊन नेमका तोच शेवट पुरा केला, हे वाचून मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं.

पण पंगतीतली खरी गोष्ट उठण्याची. वाढप्याची नजर सगळ्यांत सावकाश जेवणाऱ्यावर असायची. त्याचा ताकभात झाल्याशिवाय कोणी उठायचं नाही, आणि बाकीच्यांची पानं आवरली तरी ते बोटांनी मीठ चाळवत बसून राहायचे. पंगतीची वेळ तो सावकाश जेवणारा म्हातारा ठरवायचा. हॉटेलात उलटं आहे. ज्या टेबलावर निम्म्या लोकांचे हात थांबले, ते टेबल वेटरच्या डोळ्यांत संपलेलं असतं.

पंगत म्हटलं की लोकांचे डोळे भरून येतात, म्हणून हेही लिहितो. बायकांची पंगत शेवटी बसायची आणि तोवर भात गार झालेला असायचा, आमटी तळाला गेलेली असायची. तेव्हा सगळंच काही मागून आणायच्या लायकीचं नाही.

फिंगर बोलचं मात्र मला फार लागलं, कारण हे पाप माझ्याही हातून झालंय. मी तेव्हा नवा वेटर होतो. एका सप्टेंबरमधला रविवार, कासला जाणाऱ्या पुण्या-मुंबईच्या गाड्या रांगेने उभ्या, दारात माणसं ताटकळत. माझ्या टेबलावर एक कुटुंब होतं. पाच जणांचं जेवण झालं होतं, सहावे आजोबा, टोपी मांडीवर ठेवून एकेक घास चावत होते. दात नव्हते बहुतेक. गल्ल्यावरून खूण आली, टेबल खाली करा. मी सहाच्या सहा फिंगर बोल नेऊन ठेवले, आजोबांसमोरसुद्धा. त्यांनी माझ्याकडे बघितलं. हातातला घास ताटात परत ठेवला आणि बोटं त्या कोमट पाण्यात बुडवली. काही बोलले नाहीत. त्यांच्या घरच्यांच्या लक्षातही आलं नाही, ती माणसं गाडीची किल्ली शोधत होती. ताटात दीड चपाती आणि भात तसाच होता. ते ताट मीच उचललं.

तेव्हापासून मी कॅप्टन झालो तरी माझा एक नियम होता, टेबलावर एकही हात ताटात असला तर फिंगर बोल जायचा नाही. दारात कितीही रांग असो. मालकाशी यावरून दोनदा वाजलं.

पण गिऱ्हाइकाचंही सांगतो. जेवण झाल्यावर अर्धा तास गप्पा मारत टेबल अडवून बसणारे आम्ही रोज बघायचो, आणि तेव्हा बाहेर कोणाची तरी लहान पोरं भुकेने रडत असायची. गप्पा बाहेर, पानाच्या टपरीवर, गाडीपाशी, कुठेही मारता येतात. सावकाश जेवणं आणि जेवून झाल्यावर बसून राहणं यातला फरक वेटरला कळायला हवा, तसा गिऱ्हाइकालाही.

आता तुमच्या भावाचं. त्याचा राग खरा होता, बापाचा हात थरथरताना बघून कोणाचंही डोकं फिरेल. पण ओरडला तो चुकीच्या माणसावर आणि चुकीच्या वेळी. वेटरवर ओरडून तंदूर लवकर तापत नाही. वेटरला आत शब्द नसतो. तो खिडकीपाशी जाऊन ‘सात नंबरचं काय झालं’ एवढंच विचारू शकतो, आणि आतून शिवीच येते. शब्द असतो कॅप्टनला किंवा गल्ल्यावर बसलेल्याला. आणि वेळ होती ती साडेआठची. तेव्हा कोणीतरी शांतपणे उठून काउंटरवर गेलं असतं आणि सांगितलं असतं, ‘आमच्या वडिलांना शुगर आहे, इन्सुलिन घेतलंय, त्यांना पाच मिनिटांत काहीतरी खायला पाहिजे, भाकरी नसेल तर साधा वरणभात द्या’, तर मी लिहून देतो, वरणभात आला असता. भटारखान्यात शिजलेला भात आणि डाळ कायम असते. तंदूर अडला म्हणून तो भात अडत नाही. हॉटेलवाले कसेही असोत, म्हातारा माणूस आणि औषध हे शब्द ऐकले की कढई सोडून धावतात. बिल आल्यावर ओरडून मात्र कोणाच्याच ताटात काही पडत नाही. उलट बाबांना वाटलं आपल्यामुळे तमाशा झाला, आणि ते उठले. माझ्या मते अर्धी भाकरी फिंगर बोलमुळे राहिली आणि अर्धी त्या आवाजामुळे. भावाला हे सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. लहान असेल तर सांगा.

टीपबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण पुढच्या वेळी प्रश्न येईलच. टीप मनाला वाटलं तर द्यायची. बिलात ‘सर्व्हिस चार्ज’ म्हणून आपोआप रक्कम लावलेली दिसली तर ती काढायला सांगता येते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि मार्च २०२५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. ऐकलंच नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. जीएसटी वेगळा, तो द्यावाच लागतो.

चला, लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाकडे.

बुफे नको. पंचाहत्तरीच्या माणसाला हातात ताट धरून रांगेत उभं करायचं आणि मग ते ताट सांभाळत खुर्ची शोधायला लावायचं, यात कसला सोहळा. तुम्ही म्हणाल, आम्ही वाढून आणून देऊ. द्याल, पण चौदा जणांतले निम्मे सतत उठलेले असतील आणि बाबा एकटे जेवतील.

घरीही नको. आई म्हणतात घरीच करू. ज्या बाईने पन्नास वर्षं वाढलं ती लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसालाही ओट्यापाशी उभी राहायला तयार आहे, एवढाच त्याचा अर्थ. ऐकू नका.

थाळी हा तुमच्या नवऱ्याचा सल्ला वाईट नाही. वेळेचा घोळ तिथे आपोआप मिटतो. फक्त अमर्याद थाळीच्या ठिकाणी गर्दीच्या वेळी वाढपी भिंगरीसारखे फिरतात. ताटात काही संपायच्या आत दुसरं पडतं आणि शुगरवाल्या माणसाला नको नको म्हणताना दम लागतो. नेहमीच्याच हॉटेलात जायचं असेल तर ते मी सांगतो तसं करा.

आदल्या दिवशी दुपारी साडेतीन ते पाचच्या मध्ये स्वतः जा. फोन नको. त्या वेळी हॉटेल रिकामं असतं, मॅनेजर चहा पीत बसलेला असतो आणि माणसासारखा बोलतो. रात्री आठला तोच माणूस तुमच्याकडे बघणारही नाही. त्याला तारीख, चौदा माणसं आणि बसायची वेळ सांगा. शक्यतो रविवार टाळा. तो टाळता येत नसेल तर सातला बसा, सव्वासातलासुद्धा नको. सांगलीत रविवारी खरी झुंबड साडेआठला सुरू होते. तोवर तुमचा टिक्का पोटात गेलेला पाहिजे.

तिथेच बसून कागदावर मेनू ठरवा. स्टार्टर दोनच, आणि त्यातला एक तंदुरातला नसलेला, म्हणजे दोन्ही एकाच भट्टीवर अडकणार नाहीत. भाज्या तीन, प्रत्येकी दोन-दोन प्लेट, कमी पडल्या तर त्याच परत मागवता येतात. एक डाळ, एक भाताचा प्रकार. मुलांचे नूडल्स ठेवा, पण सांगा की स्टार्टरबरोबर आणा. नाहीतर मुलांचं आधी होतं आणि मग ती टेबलाखाली खेळतात. भाकरीचं स्वतंत्र विचारा, भाकरी करणाऱ्या मावशी किती वाजेपर्यंत असतात आणि त्या दिवशी नक्की आहेत ना. काही ठिकाणी नऊनंतर भाकरी मिळतच नाही. बाबांचं पिठलं-भाकरी किती वाजता हवी ती वेळ कागदावर लिहून मॅनेजरच्या हातात द्या. वाहतूक नियंत्रकाच्या घरच्या माणसाला वेळापत्रक कसं लिहायचं हे मी सांगायची गरज नाही.

त्या दिवशी बसल्यावर कॅप्टनला बोलवा आणि हे एक वाक्य त्याच्याच भाषेत सांगा, ‘मेन कोर्सची केओटी आत्ता मारू नका, मी सांगेन तेव्हा मारा.’ हे ऐकलं की त्याला कळतं की टेबलावर जाणकार माणूस आहे. मग निम्मे स्टार्टर संपले, अजून प्लेटमध्ये थोडे आहेत, अशा वेळी त्याला खूण करा. भाज्यांना दहा-पंधरा मिनिटं लागतील, तेवढ्यात प्लेटा आवरून होतील. रोट्या भाजी टेबलावर आल्यावरच लावायला सांगा, आणि सगळ्या एकदम नको, फेऱ्या-फेऱ्यांनी. तंदुरातून निघालेली रोटी टोपलीत चार-पाच मिनिटं पडली की चामड्यासारखी होते, हे तुम्हाला माझ्याइतकंच माहीत आहे. बिर्याणी किंवा पुलाव शेवटच्या रोटीबरोबर. आधी आला तर त्याच्यावर साय धरल्यासारखा थर येतो.

ही खूण करण्याचं काम एकाच माणसाकडे द्या. अकरा जण अकरा वेळा वेटरला हाक मारतात तेव्हा तो कोणाचंच ऐकत नाही. तुम्ही करा. भावाला मुलांकडे बसवा.

आणि बाबांच्या शेजारची खुर्ची अशा कोणाला द्या जो सावकाश जेवतो, किंवा तसं नाटक करू शकतो. शेजारी कोणीतरी अजून जेवतंय हे दिसलं की म्हातारा माणूस घाई करत नाही. आमच्या घरी हे काम माझी धाकटी सून करते. तिचं जेवण केव्हाच झालेलं असतं, पण पानात एक पापडाचा तुकडा शेवटपर्यंत शिल्लक असतो. तिला हे कोणी सांगितलेलं नाही.

फिंगर बोलचं कॅप्टनला सुरुवातीलाच सांगून ठेवा, आम्ही मागू तेव्हा आणा, बिलही तसंच. वाईट वाटून घेत नाहीत, उलट त्यांचं एक काम कमी होतं.

राहिलं ताक. तेही आदल्या दिवशीच सांगा, दोन ग्लास बाजूला काढून ठेवायला, बिनसाखरेचं. रात्री नऊला मागितलं तर बहुतेक ठिकाणी संपलेलं असतं आणि मग दह्यात पाणी घालून, वर चाट मसाला भुरभुरून आणतात. बाबा ते पिणार नाहीत.